ओळख, पूर्वग्रह आणि समपातळीवरचा संवाद

वेगवेगळ्या संस्कृतींत वाढलेली माणसे समोरासमोर आली की त्यांच्यातले बोलणे का अडते, या प्रश्नाची गेल्या शंभर वर्षांत दोन उत्तरे दिली गेली. पहिले उत्तर गैरसमजाचे. एकाचे संकेत दुसऱ्याला कळत नाहीत, ते शिकवले की वाट मोकळी होते. दुसरे उत्तर उतरंडीचे. संकेत नीट कळतात, पण समोरचा आपल्या बरोबरीचा वाटतच नाही, म्हणून कळूनही बोलणे होत नाही. आंतरसांस्कृतिक संज्ञापन ही विद्याशाखा पहिल्या उत्तरावर उभी राहिली, तर पूर्वग्रहाचा अभ्यास हळूहळू दुसऱ्याकडे वळला. हे दोन प्रवाह बराच काळ एकमेकांची फारशी दखल न घेता वाहत राहिले, आणि त्यात विषयाचे नुकसान झाले.

पहिल्या प्रवाहाचा उगम विद्यापीठात झाला नाही, तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी अधिकारी जगभर पाठवले जाऊ लागले. त्यांना भाषा शिकवली तरी परमुलखात त्यांचे अडत होते. वॉशिंग्टनच्या फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूटमध्ये १९५१ ते १९५५ या काळात या अधिकाऱ्यांना शिकवणारे एडवर्ड हॉल हे मानववंशशास्त्रज्ञ होते आणि तरुणपणी त्यांनी नावाहो आणि होपी लोकांमध्ये काम केले होते. वेळ पाळणे, दोन माणसांमधले अंतर, स्पर्श, गप्प बसणे या गोष्टीही काही सांगत असतात आणि त्यांचे नियम संस्कृतीगणिक बदलतात, हे त्यांनी १९५९ च्या 'द सायलेंट लँग्वेज' या पुस्तकात मांडले. पुढे १९७६ मध्ये त्यांनी संस्कृतींची आणखी एक विभागणी सुचवली. काही समाजांत बहुतेक अर्थ प्रसंगातून आणि नात्यातून घ्यायचा असतो, तर काहींत तो शब्दांतच स्पष्ट मांडावा लागतो. नाही म्हणायचे असताना 'बघू या' म्हणणारा आणि ते 'बघू या' शब्दशः घेऊन वाट पाहत बसणारा यांच्यातली अडचण या विभागणीने चांगली उलगडते.

हॉल यांच्यानंतर व्यवस्थापनशास्त्राने हा विषय उचलला. डच संशोधक गीर्त हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांवरून १९८० मध्ये देशोदेशींच्या संस्कृतींची मोजमापे मांडली. सत्तेतले अंतर किती मानले जाते, व्यक्ती मोठी की समूह, अनिश्चितता किती सोसते, अशा मापांवर प्रत्येक देशाला एक आकडा मिळाला. कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत हे आकडे आजही फिरतात. पण एकाच कंपनीतल्या सुशिक्षित नोकरदारांवरून सगळ्या भारताला एक आकडा द्यायचा, हे मुळातच डळमळीत आहे. नागालँडमधला शेतकरी आणि मुंबईतला दलाल यांची सरासरी काढून हाती काय लागणार? याहून गंभीर दोष असा, की परक्याला समजून घेण्यासाठी शिकवलेले हे आकडेच परक्याविषयीचे नवे साचे बनतात.

गैरसमजाच्या बाजूने झालेले सर्वांत बारकाईचे काम जॉन गम्पर्झ या भाषाशास्त्रज्ञाचे आहे. इंग्लंडमधल्या एका विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या उपाहारगृहात भारतीय आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. त्या उर्मट आहेत, सहकार्य करत नाहीत, अशी वरिष्ठांची आणि जेवायला येणाऱ्यांची तक्रार होती. आपल्याला भेदभावाने वागवले जाते, अशी त्या बायकांची तक्रार होती. गम्पर्झ यांनी बोलणे ध्वनिमुद्रित केले. मांस वाढताना वर रस्सा हवा का, हे तिथे 'ग्रेव्ही' या एकाच शब्दात विचारत. इंग्रज वाढणाऱ्या बायका शेवटी सूर चढवत, त्यामुळे तो प्रश्न वाटे. दक्षिण आशियातल्या बायका सूर उतरवत. त्यांच्या भाषांच्या वळणाने तोही विनम्र प्रश्नच होता, पण इंग्रजी कानाला ते 'ही घ्या ग्रेव्ही, हवी तर घ्या' असे तोडून बोलणे वाटे. ध्वनिफीत ऐकताना त्या बायकांना आधी फरकच जाणवला नाही. आपण तेच तर म्हणतो आहोत, असे त्या म्हणाल्या. फरक दाखवून दिल्यावर लोक आपल्याशी असे का वागतात याचा उलगडा त्यांना झाला आणि वरिष्ठांनाही त्यांचा सूर उर्मटपणाचा नाही हे कळले. ही हकीकत १९८२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि या विषयातले अभिजात उदाहरण ठरली. एका सुराच्या फरकातून दोन्ही बाजूंनी एकमेकांचा स्वभाव ठरवून टाकला होता.

तरीही एक प्रश्न उरतोच. गैरसमज दोन्ही बाजूंचा होता, तर शिकावे कोणी लागले आणि नोकरी कोणाची धोक्यात होती? इंग्रज ग्राहकाने तो सूर चुकीचा ऐकला तर त्याचे काही बिघडत नव्हते. ऐकण्यातल्या चुकीची किंमत खालच्या जागी असलेल्यानेच मोजायची, हा नियम या शाखेच्या बहुतेक उदाहरणांत दिसतो आणि तिची पाठ्यपुस्तके त्याकडे फारसे लक्ष देत नाहीत.

गैरसमजाच्या उत्तराची मर्यादा दाखवणारा पुरावाही गम्पर्झ यांच्याच कामातून पुढे आला, आणि तो महाराष्ट्रातला आहे. सांगलीजवळचे कुपवाड हे कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणाऱ्यांचे गाव, शिवाय थोडी तेलुगू घरे. शतकानुशतके शेजारी राहून बहुतेक पुरुष दोन-तीन भाषा सहज बोलत. गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की इथल्या बोलींचे व्याकरण जवळजवळ एक झाले आहे. एका बोलीतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येत होते. मात्र शब्द वेगळेच राहिले. घरातली भाषा त्या त्या समाजाची खूण होती आणि ती खूण पुसू द्यायची कोणाची तयारी नव्हती. कुपवाडात गैरसमजाला जागा नव्हती. एकमेकांचे बोलणे तिथे जितके कळत होते तितके क्वचितच कुठे कळत असेल. तरी समाजासमाजांतल्या रेषा जागच्या जागी होत्या. म्हणजे या रेषा अज्ञानातून येत नाहीत, त्या आखल्या आणि सांभाळल्या जातात.

रेषा आखायला किती थोडे कारण पुरते, हे हेन्री टायफेल यांनी दाखवले. पोलंडमध्ये १९१९ साली ज्यू कुटुंबात जन्मलेले टायफेल युद्धात फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या हाती सापडले. युद्धकैदी म्हणून ते वाचले, पण परतल्यावर घरचे जवळजवळ कोणी उरले नव्हते. पुढे ब्रिस्टलला त्यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पाउल क्ले आणि कांडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात, अशा किरकोळ निमित्ताने मुलांचे दोन गट पाडले. गटात कोण आहे हे मुलांना माहीत नव्हते, आपापसांत भांडण नव्हते, स्वतःचा फायदाही नव्हता. तरी पैसे वाटताना मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. इतकेच नव्हे, दोन्ही गटांना जास्तीत जास्त मिळेल अशा वाटणीऐवजी आपला गट दुसऱ्याहून वरचढ राहील अशी वाटणी निवडण्याकडे त्यांचा कल दिसला. यातून टायफेल आणि जॉन टर्नर यांनी १९७९ मध्ये सामाजिक ओळखीचा सिद्धांत मांडला. माणसाच्या स्वाभिमानाचा एक हिस्सा त्याच्या गटाच्या मानावर उभा असतो, आणि तो मान तुलनेतून मिळतो.

ओळख माणसाच्या आत कायमची कोरलेली नसते, समोर कोण आहे त्यावर तिचा कोणता पैलू उजळेल हे ठरते. कोकणातल्या बेने इस्रायल समाजाइतके याचे बोलके उदाहरण मराठी वाचकाला क्वचित मिळेल. अलिबाग-पनवेलच्या परिसरात पिढ्यान् पिढ्या राहिलेले, मराठी बोलणारे, गावांवरून आडनावे घेतलेले हे ज्यू तेल गाळण्याचा धंदा करत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. जातींच्या मांडणीत त्यांना एक जागा मिळाली होती आणि त्यांचा धर्म त्या नावात सामावून गेला होता. १९४८ नंतर यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले, ते ज्यू म्हणून. तिथे मात्र त्यांच्या ज्यूपणावरच शंका घेतली गेली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठाने त्यांच्या लग्नांआधी वंशाची चौकशी करण्याचा आदेश काढला. बेने इस्रायलांनी धरणे धरले, मोर्चे काढले. १९६४ मध्ये संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा निर्वाळा दिला आणि धर्मपीठाला आदेश बदलावा लागला. कोकणात जे वेगळेपण कोणाला सलले नव्हते, ते स्वधर्मीयांच्या देशात गेल्यावर सलले. त्याच देशात या लोकांनी मराठी कीर्तने आणि मराठी नियतकालिक चालू ठेवले.

मुंबईचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १९६० च्या दशकात परके म्हणून रोष ओढवला तो कारकुनीत शिरलेल्या दाक्षिणात्यांवर. २००८ मध्ये तो उत्तर भारतीय टॅक्सीचालकांवर आणि रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या मुलांवर आला. दरम्यान दाक्षिणात्यांचे स्वभाव बदलले नव्हते, रोजगाराच्या स्पर्धेची जागा बदलली होती. स्थानिकांची नोकऱ्यांबद्दलची काळजी खरी असू शकते, आणि ती खोटी ठरवून संवाद सुरू होत नाही. पण त्या काळजीला चेहरा कोणाचा द्यायचा, हे पूर्वग्रह ठरवतो.

पूर्वग्रहाच्या अभ्यासात 'डोक्यातली चित्रे' हा विषय वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये आणला. माणूस आधी ठरवतो आणि मग पाहतो, अशी त्यांची मांडणी होती. मग मोजमापाचे युग आले. त्यातला एक प्रयोग आजही विचारात पाडतो. रिचर्ड लापिएर हे समाजशास्त्रज्ञ १९३० नंतरच्या दोन वर्षांत एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर हिंडले. चिनी लोकांविषयी तेव्हा तीव्र आकस होता, तरी अडीचशेवर हॉटेले आणि खानावळींपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नाकारले गेले. नंतर त्याच जागांना पत्रे पाठवून चिनी पाहुणे चालतील का, असे विचारले तेव्हा उत्तर देणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त जणांनी नकार कळवला. मनातले मत आणि प्रत्यक्ष वर्तन यांची फारकत इथे माणसाच्या बाजूने पडली.

ती उलटीही पडते, आणि जास्त वेळा. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या खाजगी कंपन्यांना सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले होते, फरक फक्त आडनावांचा होता. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जदारांना पुढच्या फेरीसाठी बोलावणे सवर्ण हिंदू नावांपेक्षा कमी आले. यांतल्या कोणत्याही कंपनीने आपण भेदभाव करतो असे म्हटले नसते. पॅट्रिशिया डेव्हाइन यांनी १९८९ मध्ये दाखवले की समाजातले साचे पूर्वग्रह मानणाऱ्याला आणि न मानणाऱ्याला सारखेच पाठ असतात. ते मनात आपोआप उठतात. त्यांना अडवणे हा जाणीवपूर्वक करायचा भाग असतो. हे निदान महत्त्वाचे आहे, कारण सदिच्छा पुरते या समजाला त्याने धक्का बसतो.

पूर्वग्रह संस्कृतीची सीमाही मानत नाही. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शहरात राहायला जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. ते कळताच लाठ्या घेऊन आलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. अस्पृश्यता हिंदूंची, पण ती पाळायला परधर्मीयही तयार होते, हा त्यांनी त्या अनुभवातून काढलेला निष्कर्ष होता. अशा वेळी बोलण्याचे संकेत शिकवून काय साधणार? तिथे दोन्ही बाजूंना एकमेकांचे सगळे कळत होते.

मग पूर्वग्रह कमी होतो कशाने? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ च्या ग्रंथात उत्तर दिले की संपर्काने, पण चार अटींवर. संपर्कात दोघांचा दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवे, ते गाठायला सहकार्य लागले पाहिजे, आणि कायदा, संस्था किंवा अधिकारी यांचे पाठबळ हवे. टॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले. ३८ देशांतल्या अडीच लाखांवर लोकांच्या त्या माहितीतून संपर्काने पूर्वग्रह बहुधा घटतो आणि या अटी असल्या तर जास्त घटतो, असे दिसले.

या अटी महाराष्ट्राला ऑलपोर्ट यांच्या आधीच अनुभवाने कळल्या होत्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी आधी सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकत्र वसतिगृह काढून पाहिले, पण ते प्रत्यक्षात ब्राह्मण विद्यार्थ्यांचेच होऊन बसले. दार सर्वांना उघडे होते, आत मान सर्वांना सारखा नव्हता. म्हणून १९०१ पासून त्यांनी समाजवार वसतिगृहांना उत्तेजन दिले. विभागणी पक्की करणारे धोरण म्हणून त्यावर टीका होऊ शकते, मात्र शिकलेली पहिली पिढी उभी राहिल्याशिवाय बरोबरीने बसायचे कोणी, हा त्यामागचा विचार होता. पुढची पायरी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी गाठली. साताऱ्यात त्यांनी १९२४ मध्ये सुरू केलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करत, एका पंगतीत जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यासाठी अंगावरचे दागिने मोडले. १९२७ मध्ये गांधीजींनी या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले. समान दर्जा, सगळ्यांच्या वाट्याला येणारे काम, आणि वरून ठाम पाठबळ, हे सगळे त्या स्वयंपाकघरात होते. आंतरसांस्कृतिक संवादाच्या जागतिक इतिहासात साताऱ्याच्या या पंगतीला मिळायला हवी ती जागा अजून मिळालेली नाही.

शहरांच्या पातळीवर हाच प्रश्न आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ च्या ग्रंथात हाताळला. हिंदू-मुस्लिम दंगली काही शहरांत पुन्हा पुन्हा का होतात आणि तशाच लोकसंख्येच्या दुसऱ्या शहरांत का होत नाहीत, हे पाहण्यासाठी त्यांनी अलीगढ-कालिकतसारख्या जोड्या तुलनेला घेतल्या. सणावाराला एकमेकांकडे जाणे, मुलांनी एकत्र खेळणे चांगलेच, पण मोठ्या शहरात अफवांच्या लाटेपुढे ते टिकत नाही. व्यापारी संघ, कामगार संघटना, व्यावसायिकांच्या संस्था यांत दोन्ही समाज एकत्र गुंतलेले असतील तिथे शांतता टिकते, कारण तिथे ती बिघडू न देण्यात सगळ्यांचे हित असते. भिवंडीने हे जवळून दाखवले. १९७० आणि १९८४ मध्ये इथे भीषण दंगली झाल्या. पुढे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांतले रहिवासी आणि पोलीस नियमित भेटत, लहान तंटे तिथेच मिटत, अफवा आली की कोणाला विचारायचे हे ठाऊक असे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारच्या मुंबईतल्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसे मेली, भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशा समित्या सुरू झाल्या.

संपर्काला मर्यादा आहेत, आणि अलीकडच्या काटेकोर प्रयोगांनी त्या स्पष्ट केल्या आहेत. दिल्लीच्या खाजगी शाळांत गरीब मुलांसाठी जागा राखल्यावर श्रीमंत मुलांच्या वागण्यात काय फरक पडला, हे गौतम राव यांनी तपासले. एका वर्गात शिकलेली श्रीमंत मुले जास्त उदार झाली आणि गरिबांविषयीचा दुजाभाव घटला. उलट इराकमध्ये सल्मा मूसा यांनी युद्धाने विस्थापित झालेल्या ख्रिश्चन खेळाडूंच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू सामील केले. संघातल्या सोबत्यांशी संबंध सुधारले, अनोळखी मुस्लिमांविषयीचा विश्वास मात्र तसा वाढला नाही. ओळखीच्या माणसाला अपवाद मानून साचा शाबूत ठेवणे मनाला सोपे जाते.

दुसरी मर्यादा अधिक टोचणारी आहे. तामार सागी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की वरच्या आणि खालच्या गटांची गोड भेट घडली, फक्त समान गोष्टींवर बोलणे झाले, की खालच्या गटाला विषमता कमी दिसू लागते आणि वरचा गट आपल्याशी न्यायाने वागेल अशी आशा वाटते. प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी वरचा गट तसा वागत नाही. म्हणजे सौहार्द वाढूनही न्याय जागचा हलत नाही, आणि न्यायाची मागणी मात्र सौम्य होते.

संवादाच्या तत्त्वज्ञानाने यावर काय म्हटले? हान्स-गेऑर्ग गाडामर यांनी १९६० मध्ये मांडले की पूर्वग्रहांशिवाय कोणी काही समजूच शकत नाही. प्रत्येकाची नजर कुठून तरी सुरू होते, आणि खरा संवाद त्या नजरा पणाला लावतो. मार्टिन बूबर यांना समोरच्याला वस्तू न मानता 'तू' म्हणून सामोरे जाणे महत्त्वाचे वाटले. दोघांनीही संवादातली उत्कट शक्यता दाखवली. पण समोरचा तुम्हाला बोलूच देत नसेल तर काय, याचे उत्तर त्यांच्याकडे अपुरे आहे. ते डॉ. आंबेडकरांकडे मिळते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना १९३६ च्या परिषदेचे अध्यक्षपद दिले, भाषणाचा मसुदा वाचून त्यातला काही भाग काढायला सांगितले, त्यांनी नकार दिल्यावर परिषदच रद्द केली. त्यांनी ते भाषण स्वतः छापले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर लिहिले, आंबेडकरांनी पुढच्या आवृत्तीत गांधीजींचे लेख आणि आपले उत्तर दोन्ही जोडले. मतभेद मिटले नाहीत, तरी हा विसाव्या शतकातला अतिशय प्रामाणिक संवाद आहे, कारण त्यात गोडव्यासाठी मुद्दा सोडला गेला नाही आणि विरोधकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत वाचकापुढे ठेवले गेले.

संवाद कोणत्या पद्धतीने चालला की परिणाम होतो, यावरही आता पुरावा आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ कॅला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मायामीतल्या प्रयोगात घरोघरी जाऊन तृतीयपंथी व्यक्तींविषयी सुमारे दहा मिनिटे बोलणे झाले. त्याने पूर्वग्रह घटला आणि हा परिणाम निदान तीन महिने टिकला. पुढच्या कामातून दिसले की समोरच्याला दोष न देता त्याचा अनुभव ऐकणे आणि आपला सांगणे, यात या पद्धतीचे बळ आहे. तो भाग वगळून फक्त युक्तिवाद केले तर परिणाम दिसत नाही. रवांडात एलिझाबेथ पॅलक यांनी एका रेडिओ मालिकेचा अभ्यास केला, त्यात वेगळेच हाती आले. श्रोत्यांच्या स्वतःच्या समजुती फारशा बदलल्या नाहीत, पण समाजात काय वागणे योग्य मानले जाते याविषयीची त्यांची कल्पना बदलली, आणि त्यासोबत वागणेही.

या दोन निष्कर्षांचा व्यवहारातला अर्थ मोठा आहे. मने बदलण्याची वाट न पाहता नियम बदलता येतात. शाळेत जागा राखता येतात, नोकरीच्या अर्जावरून नाव झाकता येते, मोहल्ल्यात दोन्ही समाजांना एका टेबलाशी नेमाने बसवता येते. पॅलक यांनी सहकाऱ्यांसह २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत असे दिसले की पूर्वग्रह घटवण्याचे बहुतेक प्रयोग थोडक्या वेळाचे असतात आणि त्यांचा परिणाम लगेच मोजून संपवला जातो. वर्षानुवर्षे चालणाऱ्या, संस्थेच्या आधाराने उभ्या राहिलेल्या प्रयत्नांवर अभ्यास फार थोडे आहेत. साताऱ्याच्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे आपापल्या गावांत जात कशी पाळली किंवा मोडली, याचा पद्धतशीर मागोवा घेतला गेला तर संवादाच्या अभ्यासात त्याचे मोल मोठे ठरेल.